पैसे न देता पहिला नंबर

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
आजपासून लिहायचं ठरवलं. धंद्याला शिस्त लावायची तर आधी डोक्याला लावायला हवी. डोकं आत्ता दुखतंय, पण ते चहा उशिरा मिळाल्यामुळे.

परिस्थिती अशी. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वडिलांनी काढलेलं. गाळा भाड्याचा. करार मार्चअखेर संपतो, त्याआधी गाळेमालकाला सांगायचंय, राहतोय की सोडतोय. मेहुण्याचं, म्हणजे हिच्या धाकट्या भावाचं, हमरस्त्यावर नव्या मशीनचं शोरूम आहे. त्याचं म्हणणं, भावोजी, दुकान बंद करा आणि माझ्याकडे दुरुस्तीला बसा. पगार मिळेल, डोक्यावर पंखा असेल. पंख्याचं त्याने दोनदा सांगितलं. हिला ते पटलंय. मी म्हणालो, मार्चअखेरपर्यंत थांब, गिऱ्हाईक परत आणून दाखवतो. नाही आलं तर जाईन मुकाट्याने तुझ्या भावाकडे. ती म्हणाली, बघू. बघू म्हणताना भाजी निवडत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

गिऱ्हाईक का आटलं, ते मला कळलंय. लोक हल्ली दुकान रस्त्यावर शोधत नाहीत, फोनवर शोधतात. मीही शोधलं. सगळ्यात वर मेहुणा! तो दुरुस्ती करतच नाही, जुनं द्या नवं घ्या म्हणतो. मी चौथ्या पानावर. माझ्याही वर एक दुकान आहे, त्याचे मालक वारले आणि त्यांच्या गाळ्यात आता झेरॉक्स निघते. वारलेला माणूस माझ्या पुढे आहे.

दुपारी.
चष्मा लावून परत बघितलं. मेहुण्याच्या नावावर बारीक अक्षरांत लिहिलंय, 'प्रायोजित'. म्हणजे पैसे भरून वर बसलाय गडी! सगळं वाचून काढलं. प्रकार दोन. वरचे पैसे मोजून वर येतात, कुणी टिचकी मारली की त्यांचे पैसे कापले जातात, आणि पैसे संपले की गायब. खालचे लायकीवर येतात. पान कामाचं असेल, लोक चांगलं बोलत असतील, तर आपोआप वर चढतात. याला ऑर्गॅनिक म्हणतात.

मी ऑर्गॅनिक येणार. जाहिरातीवर छदामही खर्च करणार नाही. (या वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.)

५ फेब्रुवारी, गुरुवार
वेबसाइट स्वतःच बनवतोय. डोळे मिटून मशीनचं शटल जोडणाऱ्याला त्यात काय अवघड.

संध्याकाळी.
अवघड आहे. दुकानाचा फोटो आडवा येतो. सरळ केला की माझं डोकं कापलं जातं. आडवाच ठेवला. लोक फोन फिरवून बघतील.

ही म्हणते, इतके टेलर येतात, त्यांना सांगा ना दोन ओळी रिव्ह्यू लिहायला. मी म्हणालो, मी कुणापुढे हात पसरणार नाही. चांगल्या कामाचं कौतुक माणसं आपण होऊन करतात. तिने विचारलं, आत्तापर्यंत किती जणांनी केलं. एकाने. त्यात एवढंच आहे, 'पार्किंग नाही.'

मग म्हणाली, त्या वारलेल्या गृहस्थांच्या दुकानाबद्दल लोकांनी बरंच लिहिलंय, वाचलंत का. मला वेळ नाही. बंद पडलेल्या दुकानाकडून काय शिकायचं?

९ फेब्रुवारी, सोमवार
एके ठिकाणी वाचलं, लोक जे शब्द शोधतात ते आपल्या पानावर असायला हवेत. कीवर्ड. मग कशाला कंजुषी करायची. हिला वाचून दाखवलं : आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्तीचे जाणकार शिलाई मशीन दुरुस्ती करून देतात. शिलाई मशीन दुरुस्तीसाठी या.

ती म्हणाली, उचकी लागल्यासारखं वाटतंय, पाणी देऊ का.

हिला टेक्निकल बाजू कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
पाचव्या पानावर गेलो. मध्ये नवीन लोक घुसले असावेत. खांदा दुखतोय. दुकानात दिवसभरात एक जण आला, त्याला समोरच्या दवाखान्याचा पत्ता हवा होता.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पहिला नंबर!!

सकाळी दुकानात शोधलं, पहिला. पाणी पिऊन परत शोधलं, पहिला. दुकानाबाहेर रस्त्यावर उभं राहून शोधलं, तिथेही पहिला. मेहुण्याची जाहिरात अर्थात वर आहे, पण ती काय, पैशाची. खालच्यांत मीच. काम असं बोलतं.

गाळेमालकाला फोन करून सांगितलं की करार वाढवायचा विचार पक्का होत चाललाय. ते म्हणाले, विचार नको, उत्तर द्या. मेहुण्याला कळवलं. त्याने एक अंगठा पाठवला. जळला असणार.

संध्याकाळी हिला दाखवलं. तिने तिचा फोन काढून शोधलं. तिच्या फोनवर मी पाचव्या पानावर. तिचा फोन जुना झालाय.

१८ फेब्रुवारी, बुधवार
पडदेवाल्या बाई आल्या होत्या. पडदे शिवतात, जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या फोनवर शोधायला लावलं. पाचवं पान. त्यांचा फोन मागच्या महिन्यातला आहे.

त्यांच्या ओळखीत एक बाई आहे, छोट्या धंद्यांच्या नेटवरच्या जाहिराती बघते. बँकेच्या वर ऑफिस. भेटा म्हणाल्या. भेटायला काय जातंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
कॅम्पेनवालीला भेटलो. (बोलताना दर वाक्यात कॅम्पेन म्हणते.) जिना चढून दम लागला होता, त्यात तिचं पहिलं वाक्य ऐकून बसावंच लागलं. ती म्हणाली, तुम्ही दिवसभर स्वतःलाच शोधता आणि स्वतःवरच टिचकी मारता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला तुमचंच दुकान वर दाखवतो. इतरांना नाही.

म्हणजे निदान माझा फोन तरी मला ओळखतो.

मग तिने समजावलं. जाहिरात म्हणजे भाड्याचा गाळा, पैसे देताय तोवर बसा. ऑर्गॅनिक म्हणजे घर बांधणं, त्याला महिनोन्‌महिने लागतात. दोन्ही लागतं, कशासाठी काय ते कळायला हवं. मी आयुष्यभर भाड्याच्याच गाळ्यात बसलोय. मला जरा लागलं ते.

मार्चअखेर आहे म्हटल्यावर ती म्हणाली, मग थोडी जाहिरात करा. शब्द नीट निवडा, नको ते शब्द वगळा, नाहीतर नको ते फोन येतील. मी म्हणालो, पुढचं मी बघतो.

तत्त्व मोडलेलं नाही, वाकवलंय. आणि त्या दोन रेघा पेन्सिलीच्या होत्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
जाहिरात सुरू. 'शिलाई' शब्द काढून टाकला, नुसतं 'मशीन दुरुस्ती' ठेवलं. जाळं जितकं मोठं तितकं बरं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवलं. लिहिलं, आपल्या दुकानाची जाहिरात आली आहे, सर्वांनी रोज न चुकता शोधून तिच्यावर टिचकी मारावी, घरच्यांनीच हातभार लावायचा असतो. सगळ्यांनी हो म्हटलं. आत्याने तर फोनच केला. ऐंशीच्या घरात आहे, पण हौस दांडगी. म्हणाली, बाळ, सकाळच्या गोळ्या घेतल्या की लगेच मारीन.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
फोन यायला लागले! आजचे फोन : वॉशिंग मशीन. वॉशिंग मशीन. ट्रेडमिल. ऑफिसातलं कॉफीचं मशीन, त्यातून नुसतं पाणी येतंय. एक दातांचे डॉक्टर, त्यांचं ड्रिल अडकतंय. पट्टा बघून सांगतो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

हिने विचारलं, शिलाई मशीनचा एक तरी आला का. मी म्हणालो, सुरुवात तर झाली. ती भावाकडे गेली होती, तिथून आली तेव्हापासून कमी बोलतेय.

३ मार्च, मंगळवार
टिचक्यांचा आकडा बघून ऊर भरून आला. सकाळी आठ-नऊपर्यंतच दिवसाचं बजेट संपतंय. मी दुकान उघडायच्या आत एवढे लोक माझ्या दारात! त्यानंतर दिवसभर जाहिरात दिसत नाही, ते एक. बजेट वाढवलं.

ग्रुपवर चढाओढ लागली आहे. चुलत भावाने आज ऑफिसातल्या सगळ्यांना टिचक्या मारायला लावल्या. माणसं आहेत आपली.

६ मार्च, शुक्रवार
जाहिरात धावतेय आणि शटर वर करून मी बसलोय, गिऱ्हाईक नाही, हे काय गौडबंगाल म्हणून कॅम्पेनवालीकडे गेलो. तिने बघितलं. सगळ्या टिचक्या सकाळच्या, त्याच त्याच फोनवरून, कुणी पानावर क्षणभरही थांबत नाही. विचारलं, हे कोण असेल. मी अभिमानाने सांगितलं, घरचीच माणसं.

तिने पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात सांगितलं की प्रत्येक टिचकीचे पैसे माझेच कापले जातात.

हे मी २ फेब्रुवारीला स्वतःच्या हाताने या वहीत लिहिलंय. आत्ता पान उलटून बघितलं. लिहिलंय.

जाहिरात बंद. ग्रुपवर कळवलं, कृपया हातभार थांबवावा. सगळ्यांना जरा राग आलाय. आत्या मेसेज वाचत नाही, नुसती पाठवते, म्हणून तिला फोन केला. म्हणाली, बाळ, तुझ्यासाठी एवढं तरी करू दे, सगळ्यात वरची असते तिच्यावरच मारते मी. समजावून थकलो. आता वर माझी नाहीच, मारू दे.

हिला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

११ मार्च, बुधवार
कंटाळा आलाय. फोनचा, आकड्यांचा, पानांचा. पण गाळेमालक रोज दारावरून जाताना बघतात, म्हणून प्रयत्न चालू.

आज एक लेख लिहिला. लिहिला म्हणजे मी बोललो आणि हिने टाइप केला. दोरा सारखा का तुटतो. गिऱ्हाइकाला काउंटरवर सांगतो तसंच सांगितलं. सुई उलटी बसवली असेल, बॉबिनमध्ये धाग्याची गुंडी अडकली असेल, वरचा दोरा नको तितका आवळला असेल. तेल कुठे घालायचं, किती घालायचं. हिने मध्ये मध्ये प्रश्न विचारले, ते पण टाकले. उचकीवालं पान काढून टाकलं. ही म्हणाली, हे वाचावंसं वाटतंय बाई.

पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं एका कामाला बसलो होतो. बरं वाटलं.

२३ मार्च, सोमवार
लेख पहिला आला. माझ्या फोनवर नव्हे, हिच्या फोनवर. पडदेवाल्या बाईंच्या फोनवर. कॅम्पेनवालीने आपण होऊन फोन केला, म्हणाली, इतकं नीट कुणी लिहिलंच नव्हतं, हजारो लोक वाचतायत. मेहुण्याने या खेपेला अंगठा नाही, दोन शब्द पाठवले. 'मस्त, भावोजी.'

दुकान झाडून घेतलं. स्टूल आणखी एक आणून ठेवलं. गर्दी झाली तर बसायला हवं.

२६ मार्च, गुरुवार
कुणी आलं नाही.

निरोप मात्र येतायत. ढीगभर. 'काका, सुई उलटीच होती, आता छान चालतंय.' 'गुंडी सापडली, धन्यवाद.' एकीने लिहिलंय, 'तुमच्यामुळे दुकानात जावं लागलं नाही.'

सगळ्यांची मशीनं मी बरी केली. घरबसल्या.

हिला म्हणालो, काही झालं तरी पहिला नंबर आला ना, तोही पैसे न देता. ती नळ बंद करून वळली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला नंबर हवाय की गिऱ्हाईक?"

मी फोन पालथा करून ठेवला.

२८ मार्च, शनिवार
गाळेमालकाला कळवलं, सोडतोय. ते म्हणाले, वाईट वाटलं. लगेच म्हणाले, किल्ल्या दोन्ही द्या. मेहुण्याला कळवलं. तो चांगलं बोलला, उगाच कशाला खोटं लिहू. भावोजी, तुमचंच शोरूम समजा, म्हणाला.

पडदेवाल्या बाई मशीन न्यायला आल्या. बदललेला जुना भाग मी नेहमी कागदात गुंडाळून परत देतो, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं की खरंच बदललाय. तो त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि त्या नवीन स्टुलावर बसल्या. आता मी कुणाकडे जाऊ, म्हणाल्या. मी शोरूमचं नाव सांगितलं. त्या गेल्यावर मी आतल्या बाजूला जाऊन उभा राहिलो. रडलो नाही. नाक चोंदलं होतं.

३१ मार्च, मंगळवार
बोर्ड उतरवला. बोर्डामागची भिंत नव्यासारखी निघाली. वेबसाइटवर टाकलं, दुकान कायमचं बंद झालं आहे, संपर्कासाठी नंबर तोच. हिनेही ओळखीच्या सगळ्या टेलरांना कळवलं. वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, बाकी खोक्यात.

रँकिंग बघितलं नाही.

बघितलं. लेख पहिला, दुकान तिसऱ्या पानावर.

३ एप्रिल, शुक्रवार
शोरूम. माझी जागा मागे, खोक्यांच्या बाजूला. पंखा आहे. त्याचं तोंड नव्या मशीनकडे आहे.

मेहुणा मला सगळ्यांसमोर भावोजी म्हणतो, त्यामुळे शोरूममधली पोरं मला काम सांगायला लाजतात आणि मी रिकामा बसतो. ठरवलंय, इथेही शिस्त आणायची. उद्यापासून.

१४ एप्रिल, मंगळवार
सकाळपासून माझा फोन वाजतोय. शिलाई मशीन. शिलाई मशीन. शिलाई मशीन. सगळ्यांचं एकच, नेटवर शोधलं तर सगळ्यात वर तुम्हीच आलात, दुकान उघडं आहे ना?

माझ्या फोनवर विश्वास नाही, म्हणून मेहुण्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघितलं. मेहुण्याची जाहिरात, आणि तिच्या खाली पहिला मी. 'प्रायोजित' नाही. नावापुढे लाल अक्षरांत 'कायमचं बंद'. ते कुणी वाचत नाही.

कॅम्पेनवालीला विचारलं. ती म्हणाली, रिव्ह्यू बघा. बघितले. बोर्ड उतरवल्या दिवसापासून लोक लिहितायत. पडदेवाल्या बाई. दवाखान्याच्या चादरी शिवणारे काका. ज्यांची तोंडंही आठवत नाहीत असे टेलर. 'जुना पार्ट हातात देणारा माणूस.' 'उधारीवर मशीन नीट करून लग्नाची ऑर्डर वाचवली.' 'आता कुणावर विश्वास ठेवायचा.' आत्यानेही लिहिलंय : माझा भाचा आहे, लहानपणापासून हुशार.

वाचताना डोळे भरून आले. अरे, हे आधी लिहायला काय झालं होतं तुम्हाला? दुकान चालू होतं तेव्हा कुणाला आठवण झाली नाही. आणि मी सांगितलं नाही. ही सांगा म्हणत होती.

मेहुणा खुशीत आहे. मी फोनवर सगळ्यांना शोरूमचा पत्ता देतो ते ऐकत होता. म्हणाला, रोज सकाळी सकाळी कोणीतरी माझ्या जाहिरातीवर टिचक्या मारून बजेट खातंय, कोण वैरी आहे कळत नाही, नाहीतरी वैतागलोच होतो. आत्याच्या गोळ्यांची वेळ मला ठाऊक आहे.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावोजी, उद्यापासून जाहिरात बंदच करतो. तुम्ही आहातच की आता. फुकटात."

बरं म्हणालो.

आजपासून काम वाढलंय, सकाळी लवकर निघावं लागेल. डबा लवकर लागेल, हे हिला सांगायचंय. सांगितल्यावर तिला बरं वाटेल.

संध्याकाळी.
त्या वारलेल्या गृहस्थांच्या दुकानाचे रिव्ह्यू शेवटी वाचले. सगळे दुकान बंद झाल्यानंतरचे. पुष्कळसे ते गेल्यानंतरचे. एकदा माझ्याकडचं शटल संपलं होतं तेव्हा त्यांनी स्वतःच्या दुकानातलं काढून दिलं होतं, आणि परत करायला गेलो तर चहा पाजला होता. तेवढं लिहिलं. पाच तारे दिले. त्यामुळे ते पुन्हा माझ्या वर जातील. जाऊ देत. दुकानं दोघांचीही बंदच आहेत.